मले आणि मेले

माझ्या थोरल्या जावेला आमच्या नाट्यमंडळात आजवर तीन भूमिका मिळाल्या होत्या. पहिल्या वर्षी ती झाड होती. दुसऱ्या वर्षी पाण्याचा तांब्या ठेवून निघून जाणारी बाई. तिसऱ्या वर्षी तिला बढती मिळाली आणि ती पलंगावर पडून खोकणारी सासू झाली. तिच्या खोकल्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या नायिकेचं लांबलचक स्वगत सुरू झालं तेव्हा मात्र पुढच्या रांगेतले दोघं उठून पान खायला गेले. नाटक संपल्यावर तोंडावरची पावडर पुसत जाऊ मला म्हणाली, "खोकलून खोकलून घसा बसला माह्या. पुढच्या साली बोलाचा रोल असन तं सांगजो, नाई तं मी येत नाई. घरी काय कामं कमी हायेत?"

ती राहते हिंगणीला, तिथे आमची शेती आहे. मी बोरगाव मेघेला राहते आणि वर्ध्याच्या एका शाळेत मराठी शिकवते. आमच्या मंडळात बहुतेक सगळे मास्तर, बाबू लोक, एक प्राध्यापिका, आणि सगळ्यांच्या डोक्यावर आमचे दिग्दर्शक. ते बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना आम्ही सर म्हणतो. सरांचा एकच हट्ट, रंगमंचावरची भाषा शुद्ध पाहिजे. जाऊ 'मला'ला 'मले' म्हणते, 'का'ला 'काऊन' म्हणते, आणि समोर सर असोत की सरपंच, तिची भाषा बदलत नाही. म्हणून ती झाड झाली. आमच्या अख्ख्या खानदानात तिच्याइतकं हसवणारं माणूस नाही, लग्नात बायका जेवण सोडून तिच्याभोवती बसतात, आणि तिला आम्ही फांद्या बांधून उभं केलं! मला याचा फार राग यायचा. त्या रागाच्या भरात मी भर बैठकीत जाहीर करून टाकलं की यंदाची एकांकिका मी लिहिणार आणि त्यात बाईंना बोलती भूमिका असणार. बाई म्हणजे जाऊ, मी तिला बाई म्हणते.

बोलून बसले खरी, पण लिहायचं काय? आम्ही दरवर्षी ज्या एकांकिका स्पर्धेत उतरतो तिला नवी, कुठेही न झालेली संहिता लागत होती. सर म्हणाले, "सुचण्यासाठी ठिणगी लागते." मग ते आमच्या ग्रुपवर रोज सकाळी एक ठिणगी टाकू लागले. पहिल्या दिवशीची ठिणगी होती, 'एक बंद खिडकी. खाली एक ओली चप्पल. पुढे काय?' मी दिवसभर त्या चपलेचा विचार केला. वर्गात शिकवताना केला, भाजी घेताना केला. शेवटी न राहवून नवऱ्याला विचारलं, "चप्पल ओली का असेल हो?" तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "नळ आला असन." झालं, विझली ठिणगी.

दुसऱ्या दिवशी 'परत न आलेला पाहुणा' आला. आमच्याकडे पाहुणा परत येत नाही असं कधी होतच नाही, तेव्हा तोही गेला. कोणीतरी सांगितलं की निसर्गाजवळ गेलं की सुचतं. मी बोर धरणाच्या काठावर जाऊन डोळे मिटून बसले. डोळे उघडले तर पिशवीतली केळी माकड घेऊन गेलं होतं. ते झाडावर बसून माझ्याकडे बघत बघत खात होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त प्रतिभा दिसत होती.

मग सरांनी नवा मंत्र दिला, माणसांमध्ये जा, कान उघडे ठेवा, संवाद आपोआप मिळतील. हे मला पटलं. जामच्या चौकात नागपूर, हैदराबाद, चंद्रपूर अशा सगळ्या बाजूंच्या गाड्या थांबतात, तेव्हा माणसांना काय तोटा! एका रविवारी मी तिथल्या एका चहाच्या हॉटेलात जाऊन बसले. मागच्या बाकड्यावर दोन बायका बोलत होत्या. एक म्हणाली, "म्या त्याले स्पष्ट सांगतलं, आता तुह्या माह्या संबंध संपला." मी कान टवकारले. मी खुर्ची जराशी मागे सरकवली. "मंग थो काय म्हणे?" दुसरीनं विचारलं. मी आणखी मागे सरकले. "काय म्हणते? उभा राहून रडला." अरे वा! मी इतकी मागे झुकले की खुर्चीचे पुढचे पाय उचलले गेले. तेवढ्यात पहिली बाई माझ्याकडे वळून अगदी प्रेमानं म्हणाली, "बाई, इकडंच येऊन बसा ना. तिकडून बराबर आयकू येत नसन." सगळं हॉटेल हसलं. मी चहा तसाच टाकून पहिली दिसेल ती बस पकडली. ती हिंगणघाटची निघाली, म्हणजे घराच्या उलट्या दिशेची.

इतकी फजिती झाल्यावर मला अक्कल सुचली. बोलणाऱ्या बायका शोधत मी जिल्हाभर हिंडत होते, आणि जिच्यासाठी लिहायचं होतं ती घरचीच होती. पुढच्या रविवारी हिंगणीला गेले. हिवाळ्याचे दिवस, जाऊ अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगांचे सोले काढत होती. मी तिच्या बाजूला बसले, मोबाइलमध्ये बोललेलं आपोआप टाइप होण्याची सोय असते ती सुरू केली, आणि फोन सोल्यांच्या टोपलीला टेकवून ठेवला. म्हटलं, "बाई, तुम्ही पुण्याला भाच्याकडे गेल्या होत्या तेव्हा काय झालं ते सांगा."

"थेच तं सांगून राह्यलो ना तुले कवापासून," ती म्हणाली आणि सुरू झाली. भाचा स्टेशनवर घ्यायला आलाच नाही, रिक्षावाल्यानं भलतीकडे नेलं, घरी पोचली तर सगळे आपापल्या खोलीत. भाचसुनेनं गोड हसून सोफ्यावर बसवलं, पाण्याचा ग्लास दिला आणि आत निघून गेली. हिला चहा हवा होता. तीन-चारदा सांगितलं, पण तिचं बोलणं तिथं कोणाच्या कानी पडेना. मी ते ऐकत, सोले काढत, मध्ये मध्ये सोले खात बसले होते. ती थांबल्यावर फोन उचलला आणि मोबाइलनं काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'गाऊन आला नाही भाचा घ्यायला.'"

"गाऊन कायले येईन थो?" जाऊ म्हणाली. "म्या म्हटलं काऊन आला नाई."

"थांबा ना बाई. 'मेले भूक लागली होती. मेले चहा पाहिजे होता. मेले कोणी विचारलं नाही.'"

"हाय बाप्पा! कोण मेलं?"

"तुम्हीच मेल्या. 'मेले'. तुमच्या प्रत्येक 'मले'चं यानं 'मेले' केलंय. ऐका, 'मेले वाटलं, पोहे तरी देतील. मेले लाज वाटली. मेले मग झोप आली.'"

पहिल्यांदा तिला राग आला. फोनकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मी कायले मरतो वं? थोच मरन!" मग तिनं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. 'मेले वाटलं, पोहे तरी देतील.' मेली तरी बाईला पोह्यांची आशा! ती हसायला लागली, मी हसायला लागले, तिला ठसका लागला, माझा धक्का टोपलीला लागला, सोले अंगणभर झाले आणि कोंबड्या धावल्या. माझे जेठ, म्हणजे जावेचे यजमान, शेतातून आले तर आम्ही दोघी जमिनीवर बसून डोळे पुसतोय. त्यांनी घाबरून विचारलं, "काय झालं? कोण गेलं?" यावर जाऊ पदर तोंडात कोंबून म्हणाली, "मी!"

त्या क्षणी मला नाटक दिसलं. अक्षरशः समोर दिसलं. एक बाई खेड्यातून शहरात भाच्याकडे जाते आणि म्हणते, "मले चहा पाह्यजे." घरातली मंडळी इतकी शुद्ध बोलणारी की त्यांना ऐकू येतं 'मेले'. त्यांना वाटतं आत्याबाई गेल्या. ती म्हणते, "मी कायले मरतो, मले चहा पाह्यजे." ते म्हणतात, "बघा, पुन्हा म्हणाल्या, मेले." हार येतो, उदबत्ती येते, शेजारी येतात, भाषणं होतात. आत्या समोर बसून स्वतःचं कौतुक ऐकते आणि म्हणते, "जित्तेपणी कोणी असं बोललं नाई, बोलू द्या थोडकं." मी हिंगणीहून परतताना एसटीत एकटीच खिदळत होते. शेजारच्या बाईनं सरकून खिडकी उघडली आणि मला म्हणाली, "हवा घ्या."

संहिता मी आठवड्यात उतरवली. सुचणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. हात कमी पडायचे, पोळी तव्यावर करपायची आणि मी ओट्याजवळ उभी राहून आत्याचं पुढचं वाक्य पुटपुटायचे. आत्याचा प्रत्येक शब्द मला जावेच्या आवाजातच ऐकू यायचा.

वाचन झालं तेव्हा सगळे हसले, सरसुद्धा हसले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. सर चष्मा पुसतात तेव्हा समजावं की नाट लागणार. ते म्हणाले, "कल्पना छान आहे. पण दोन अडचणी. एक म्हणजे आपला प्रेक्षक वर्ध्याचा. इथं 'मले' कोणाला कळत नाही? घरातल्यांना कळत नाही हे इथल्या माणसाला पटेल का? आणि दुसरी, आत्या ही मुख्य भूमिका आहे. वहिनींनी आजवर रंगमंचावर एक वाक्य म्हटलेलं नाही. आपल्या प्राध्यापिकाबाई वऱ्हाडी छान करतात. त्यांनी आत्या करावी, आणि वहिनींना शेजारीण देऊ."

"शेजारणीला किती वाक्यं आहेत?" मी विचारलं. मला माहीत होतं, मीच लिहिलं होतं. शेजारीण येते, हार घालते आणि रडते.

जाऊ कोपऱ्यात बसली होती. हिंगणीहून दोन बसगाड्या बदलून आलेली, नवी साडी नेसलेली, आणि मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती. मला भडभडून आलं. मी सरळ संहितेची पानं गोळा केली आणि म्हटलं, "सर, आत्याची भूमिका बाई करत नसतील तर ही संहिता मी घरी नेते. तुम्ही ओल्या चपलेवर नाटक बसवा." दुसरी संहिता कोणाकडेच नव्हती. सर चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "ठीक आहे. पण तुम्ही विंगेत संहिता घेऊन उभ्या राहाल. त्या अडल्या की तुम्ही आतून वाक्य द्यायचं." प्राध्यापिकाबाई भल्या निघाल्या, त्यांनी हसत हसत भाचसून घेतली.

तालमी म्हणजे निव्वळ धमाल. जावेला पाठांतर ही गोष्ट मान्यच नव्हती. तीच गोष्ट ती रोज नव्या शब्दांत सांगायची, आणि रोज आधीच्यापेक्षा चांगली. समोरच्यांना आपलं वाक्य कधी घ्यायचं ते कळेना. सर वैतागून म्हणाले, "वहिनी, काहीही बोला, पण शेवटचे शब्द तेच ठेवा. समोरच्याला क्यू मिळाला पाहिजे. तुम्हालाही तो क्यू देतो. क्यू फार महत्त्वाचा." जाऊ एकदम गंभीर झाली. पदर सारखा करून म्हणाली, "सर, मले कोणाची कीव नाई पाह्यजे. जमलं तं करीन, नाई तं घरी जाईन." कोणाला काही कळेना. मग प्राध्यापिकाबाई खाली बसल्या आणि पोट धरून हसू लागल्या, आणि त्या दिवशीची तालीम तिथंच संपली. तेव्हापासून मंडळात कोणी वाक्य विसरलं की बाकीचे म्हणतात, "याची कीव करा रे."

पण तालमीसाठी माझ्या घरी मुक्कामाला असली की जाऊ मला विचारायची, "खरं सांग, जमन का मले?" मी म्हणायचे, जमेल. "लोक हासतीन थे ठीक हाये. पण आयकतीन का?" मी सांगायचे, "ऐकतील हो बाई, झोपा."

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. हिंगणीची मंडळी जीप करून आली होती, जेठ स्वच्छ टोपी घालून तिसऱ्या रांगेत. पडदा वर गेला. सोफ्यावर आत्या. मी विंगेत संहिता छातीशी धरून उभी, शेजारी सर.

"मले चहा पाह्यजे," आत्या म्हणाली.

"काय म्हणालात? मेले?" भाचसून दचकली. कोणीच हसलं नाही. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि चष्मा काढला.

"मले बिना साखरेचा चालन."

"अहो, लवकर या! आत्या पुन्हा म्हणाल्या, मेले!"

आणि मधल्या रांगेतून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "अवं मेली कोठी! चहा मांगून राह्यली थे!"

सभागृह फुटलं. मी असा हशा जन्मात ऐकला नव्हता. त्यानंतर नाटक आमच्या हातात राहिलंच नाही. रंगमंचावर कोणी 'मेले' म्हटलं की चारी बाजूंनी ओरडा, "मले! मले!" हार आणला तर एक जण उभा राहून म्हणाला, "थो हार तुह्याच गळ्यात घाल!" कोणी म्हणे, "देऊन टाका ना बे चहा, काऊन जीव घेता बाईचा?" भाच्याचं काम करणारे आमचे ट्रेझरी ऑफिसातले बाबू इतके हसले की पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सर माझा हात धरून उड्या मारत होते. होय, सर. मीही मारत होते.

मग माझं लक्ष जावेकडे गेलं. तिचे ओठ हलत होते. ती बोलत होती, सगळं बोलत होती, हात नाचवून बोलत होती, आणि त्या कल्लोळात तिचा एक शब्द कोणापर्यंत पोचत नव्हता. मी इतक्या जवळ उभी, मलाही ऐकू येत नव्हतं. सगळं सभागृह तिच्या बाजूनं ओरडत होतं आणि तिचा पत्ताच नव्हता. माझं हसू जागच्या जागी थांबलं. एवढं सगळं करून मी तिला बोलतं केलं आणि बोलायची वेळ आली तर हे. मी आतून ओरडून काय करणार होते? मलाच कोण ऐकणार होतं?

जाऊ बोलायची थांबली. सोफ्यावरून उठली, गळ्यातला हार काढून सोफ्यावर ठेवला आणि चालत पार पुढे आली, अगदी रंगमंचाच्या कडेला. असं कुठल्याच तालमीत झालं नव्हतं. तिनं लोकांकडे नीट बघितलं आणि हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली. मागचे अजून हसत होते. ती वाट बघत उभी राहिली. "तुम्ही सारे माह्याच बाजूनं बोलून राह्यले, समजते मले. पण आता मले बोलू द्या ना."

सभागृह शांत झालं. तिसऱ्या रांगेत जेठांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग ती बोलू लागली. घाई न करता, अंगणात बसून बोलते तशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. सर माझ्याकडची संहिता ओढून घेऊन तिची पानं भराभर उलटत होते, पुढे, मागे, पुन्हा पुढे. शेवटी माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "हे कुठल्या पानावर आहे? आता पुढचं वाक्य काय?"

"मले काय माहीत, सर," मी म्हटलं. "आयका ना."